पिस्तुलाचें कूळ

ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ शोधूं नये, असें आपल्याकडे म्हणतात. शब्दांना हा निर्बंध नाहीं. शब्दाचें मूळ उकरल्यानें कोणाची अप्रतिष्ठा होत नाहीं; उलट, इतिहासाच्या पुस्तकांत ज्यांना एखाद्या ओळीपलीकडे जागा मिळाली नाहीं, अशीं माणसें कित्येकदां त्या मुळाशीं बसलेलीं आढळतात. आजच्या भाषणासाठीं मीं असाच एक शब्द घेतला आहे. तो शब्द म्हणजे 'पिस्तूल'. न्यायालयांतील कागदपत्रांपासून दिवाळींतल्या टिकल्यांच्या खेळण्यापर्यंत तो आपल्या बोलण्यांत इतका मुरला आहे कीं, तो परका आहे ही गोष्ट मुद्दाम सांगावी लागते.

श्रोत्यांपैकीं पुष्कळांची समजूत अशी असेल कीं, हा शब्द इंग्रजांनीं आणला. इंग्रजींत 'पिस्टल' आहेच. परंतु जरा कान देऊन ऐका. इंग्रजी शब्दांतला 'ट' मराठींत येतांना बहुधा 'ट'च राहतो. स्टेशन, टेबल, पोस्ट हे शब्द पाहा. आपल्या शब्दांत मात्र मऊ 'त' आहे. पोर्तुगीज भाषेंत या शस्त्राला 'पिस्तोला' म्हणतात. त्याच भाषेंतील 'ओस्पिताल' या शब्दापासून आपलें 'इस्पितळ' झालें. तोच शब्द पुढें इंग्रजांकडून आला तेव्हां 'हॉस्पिटल' झाला. पिस्तूल हें इस्पितळाचें सोबती आहे, हॉस्पिटलचें नव्हे. हा नियम अर्थात् लोखंडी नाहीं. आम्हां मास्तरांचेंच नांव इंग्रजी 'मास्टर'वरून आलेलें असून त्यांत 'त' आहे, आणि तिकिटानेंहि तोच अपराध केला आहे. परंतु पिस्तुलाचा जोडीदार जें काडतूस, तेंहि पोर्तुगीज 'कार्तुश' याचेंच रूप आहे. तेव्हां दोघेहि एकाच गलबतांतून उतरले असें मानावयास मला हरकत दिसत नाहीं. या 'कार्तुश'चें मूळ इटालियन भाषेंत असून तेथें त्याचा अर्थ कागदाची पुडी असा आहे. पूर्वीं दारू आणि गोळी कागदाच्या पुडींत बांधून बरोबर नेत. १८५७ सालीं ज्या काडतुसांवरून शिपायांत वणवा पेटला, तीं कागदाचींच होतीं. म्हणून तर तीं दातांनीं फोडावीं लागत.

पोर्तुगीज शब्द आशियांतील कोणकोणत्या भाषांत शिरले, याचा मोठा कोश मॉन्सेन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो या गोमंतकीय पंडितानें १९१३ सालीं प्रसिद्ध केला. बार्देश महालांतील आसगांव येथें १८५५ सालीं जन्मलेला हा धर्मगुरु १९२२ सालीं लिस्बन येथें वारला. त्याच्या कोशाचें इंग्रजी भाषांतर १९३६ सालीं बडोद्याहून निघालें. चावी, पगार, घमेलें, पाव, तुरुंग असे शब्द ज्यांना अस्सल मराठी वाटतात, त्यांनीं तो ग्रंथ एकदां तरी चाळावा. घरांतली निम्मी भांडीं परक्यांचीं निघालीं म्हणून वाईट वाटण्याचें कारण नाहीं.

पण पोर्तुगीजांना तरी हा शब्द कोठून मिळाला? तो त्यांचा स्वतःचा नव्हे. येथें विद्वानांत दोन पक्ष आहेत, आणि त्यांतील पहिला पक्ष दिसावयास फार देखणा आहे.

इटलींत फ्लॉरेन्सच्या वायव्येस पिस्तोया नांवाचें जुनें शहर आहे. तेथील लोहकाम नांवाजलेलें होतें, आणि तेथें घडणाऱ्या एका जातीच्या खंजिराला 'पिस्तोलेझे' म्हणत. सोळाव्या शतकांत आंरी एस्तिएन नांवाचा एक फ्रेंच मुद्रक आणि ग्रीक भाषेचा गाढा पंडित होऊन गेला. फ्रेंच व ग्रीक या भाषांतील साम्यावर त्यानें १५६५ सालीं एक पुस्तक काढलें. त्याच्या प्रस्तावनेंत त्यानें या शब्दाची हकीगत दिली आहे ती अशी: पिस्तोया येथील लहान खंजिरांना त्या गांवावरून नांव पडलें, फ्रान्समध्यें त्याचें 'पिस्तोले' झालें, पुढें लहान बंदुका निघाल्या तेव्हां लहानपणाच्या साम्यावरून तेंच नांव त्यांना दिलें गेलें, आणि नंतर स्पेनच्या लहान सोन्याच्या नाण्यांनाहि लोक तेंच म्हणूं लागले. शेवटीं त्यानें थट्टेनें असेंहि म्हटलें आहे कीं, पुढेंमागें ठेंगण्या पुरुषांना आणि बायकांनाहि हेंच नांव मिळेल. ही थट्टा अगदींच वायां गेली असें नाहीं. बेल्जियममध्यें आजहि एका लहान गोल पावाला 'पिस्तोले' म्हणतात.

एस्तिएन हा कोणी गप्पीदास नव्हता. शिवाय त्याच्या वेळीं हें शस्त्र नवें होतें. म्हणजे तो जवळजवळ प्रत्यक्ष साक्षीदार. मग त्याची साक्ष कां मानूं नये? गांवावरून शस्त्राचें नांव पडत नाहीं असें थोडेंच आहे? बंदुकीच्या टोकाला लावावयाच्या संगिनीस इंग्रजींत जें नांव आहे, तें फ्रान्समधील बायोन या गांवावरून आलें, असें बहुतेक कोशकार देतात. मराठ्यांच्या लांब सरळ तरवारीला 'फिरंग' म्हणत, कारण तिचें पातें बहुधा फिरंग्यांच्या देशांतून येई. आणि आपल्या देशांतील एका गांवानें तर सगळ्या जगाला एक भयंकर शब्द दिला आहे. कलकत्त्याजवळ दमदम येथें सरकारी दारूगोळ्याचा कारखाना होता. तेथें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शरीरांत शिरतांच फुलणारी गोळी तयार झाली. तिनें होणारी जखम इतकी क्रूर ठरली कीं, १८९९ सालीं हेग येथील परिषदेनें अशा गोळ्यांवर बंदी घातली. तरी 'दमदम गोळी' हें नांव युरोपांतील भाषांत कायमचें राहून गेलें.

तेव्हां गांवावरून नांव पडतें हें खरें. परंतु या विशिष्ट शब्दाचें तसें झालें, हें दाखवावें लागतें. दमदमचा पुरावा कागदोपत्रीं आहे. केवळ ध्वनि जुळतो एवढ्यावर विसंबलें म्हणजे माणूस कसा फसतो, याचें एक उदाहरण आपल्याच घरांतील 'बंदूक' या शब्दाचें आहे. व्हेनिस शहराला अरबी भाषेंत 'अल्-बुंदुकिय्या' म्हणतात. व्हेनिसचे व्यापारी शस्त्रें विकीत. तेव्हां त्यांनीं आणलेली ती बंदूक, असा तर्क पुष्कळांनीं केला आहे. ऐकणाऱ्याला तो पटतोहि. परंतु अरबींत 'बुंदुक' हा फार जुना शब्द असून त्याचा अर्थ हेझलनट नांवाचें टणक कवचाचें, सुपारीहून लहान असें फळ. त्या आकाराच्या मातीच्या गोळ्या करून त्या एका तऱ्हेच्या धनुष्यानें, आपल्या जुन्या गलोलीसारख्या साधनानें, पांखरांवर मारीत. गोळीला बुंदुक म्हणूं लागले, आणि पुढें गोळी मारणाऱ्या नळीलाहि तेंच नांव मिळालें. याला पक्का पुरावा हवा असेल तर इजिप्तचा सुलतान बैबर्स याचें नांव पाहावें. त्यानें १२६० ते १२७७ पर्यंत राज्य केलें, आणि त्याच्या नांवापुढें 'बुंदुकदारी' असें उपपद आहे. तो पूर्वीं ज्या सरदाराचा गुलाम होता, त्या सरदाराकडे सुलतानाचें गोळ्यांचें धनुष्य वाहण्याचा मान होता. त्यावरून हें उपपद आलें. त्या काळीं इजिप्तमध्यें हातांत धरावयाची बंदूकच नव्हती. म्हणजे शब्द आधीं आणि बंदूक मागाहून. व्हेनिसचें श्रेय येथें संपलें.

आतां पिस्तुलाविषयींचा दुसरा पक्ष. त्यासाठीं आपणांस मध्य युरोपांत, आजच्या चेक प्रजासत्ताकाचा पश्चिम भाग जो बोहेमिया, तेथें जावें लागेल. प्राग शहरीं यान हुस नांवाचा एक धर्मोपदेशक होता. तो बेथलेहेम नांवाच्या प्रार्थनामंदिरांत लोकांच्या चेक भाषेंत प्रवचन करी, आणि धर्माधिकाऱ्यांच्या लोभावर कोरडे ओढी. राजा सिगिस्मुंड याचें अभयपत्र असतांहि कॉन्स्टन्स येथील धर्मपरिषदेनें त्याला पाखंडी ठरविलें, आणि ६ जुलै १४१५ रोजीं त्याला जिवंत जाळण्यांत आलें. चार वर्षांनीं सारा बोहेमिया पेटला. १४२० ते १४३१ या अवधींत पोपच्या आशीर्वादानें पांच मोहिमा या लोकांवर चालून आल्या, आणि पांचहि हात हालवीत परत गेल्या.

हें कसें घडलें, हें समजून घेण्यासारखें आहे. हुसच्या अनुयायांचा सेनापति यान झिझ्का हा एका डोळ्यानें अधू होता. १४२१ सालीं वेढ्यांत त्याचा दुसरा डोळाहि गेला, तरी १४२४ सालीं मरेपर्यंत त्यानें सेनापतित्व सोडलें नाहीं. त्याच्यापाशीं चिलखती घोडेस्वार फारसे नव्हते. शेतकरी, सुतार, लोहार, शहरांतले कामकरी असे लोक होते. त्यानें माल वाहण्याच्या गाड्या साखळ्यांनीं एकमेकींस जोडून त्यांचा फिरता कोट केला. धान्य झोडण्याच्या दांडक्यांना लोखंडी खिळे मारून त्यांचीं शस्त्रें केलीं. आणि गाड्यांच्या फळ्यांआडून डागण्यासाठीं त्यानें लोकांच्या हातांत लांकडी दांड्यावर बसविलेल्या लोखंडी नळ्या दिल्या. दांडा काखेंत दाबून धरावयाचा आणि नळीच्या कानांतील रंजकेला बत्ती द्यावयाची, एवढीच त्याची विद्या. नेम धरणें दूरच राहिलें. पण समोर घोड्यांची गर्दी असली म्हणजे नेमाची गरजहि नव्हती. ज्याला लहानपणापासून तरवारीचें शिक्षण मिळालें अशा सरदाराला, नांगर सोडून आलेल्या माणसानें आठवड्याच्या सरावावर खालीं पाडावें, हा प्रकार युरोपांत नवा होता.

या नळीला ते लोक 'पीश्त्यला' म्हणत. चेक भाषेंत पीश्त्यला म्हणजे शिट्टी, पावा, गुराख्याची पिपाणी. नांव देणाऱ्यानें कसलीहि कल्पकता लढविलेली नाहीं. पोकळ लांब नळी दिसली, घरांत तशी जी वस्तु होती तिचें नांव दिलें. आपणहि बंदुकीच्या त्या भागाला नळीच म्हणतों, आणि मटणांतल्या पोकळ हाडालाहि नळीच म्हणतों. पोलंडच्या भाषेंत याच कुळांतला 'पिश्चेल' हा शब्द नडगीच्या हाडालाहि लावतात आणि त्या जुन्या हातबंदुकीलाहि. रशियन भाषेंत 'पिश्चाल' म्हणजे आधीं पावा व मग बंदूक. लॅटिनमध्यें 'तिबिया' म्हणजे नडगी आणि तिबिया म्हणजे पावाच. हाड, पावा आणि बंदूक हीं तिन्ही माणसाला एकाच घरचीं वाटलीं, यांत मला तरी कांहीं नवल वाटत नाहीं.

या पक्षावर दोन हरकती घेतात. पहिली अशी कीं, बोहेमियांतली ती नळी दांड्यावर बसविलेली आणि पायदळाची. पिस्तूल तर आंखूड आणि घोडेस्वाराचें. दोन्ही वस्तु एक नव्हेत. ही हरकत खरी आहे, पण तींत जीव थोडा आहे. वस्तु बदलते आणि नांव टिकतें, हें रोजचेंच आहे. इंग्रजी 'पेन' या शब्दाचें मूळ लॅटिनमधील पिसाच्या नांवांत आहे. आपल्या खिशांतल्या पेनाला पीस कोठें आहे? दुसरी हरकत अधिक वजनदार आहे: १४२० च्या सुमाराचा चेक शब्द आणि सोळाव्या शतकाच्या मध्याचा फ्रेंच शब्द, यांच्यामध्यें शंभरांहून अधिक वर्षांची दरी आहे, ती कोणीं ओलांडली? याचें उत्तर जर्मन भाषेंत मिळतें. बोहेमियाला लागून असलेल्या सायलेशियांतील पंधराव्या शतकाच्या जर्मन लिखाणांत या चेक शब्दाचीं मोडकीं रूपें आढळतात. १४३४ सालीं लिपानीच्या लढाईंत हुसच्या अनुयायांतील दोन तट आपसांतच लढले आणि त्यांतल्या कडव्या तटाचा निकाल लागला. त्यानंतर जे जुने लढवय्ये उरले, ते शेजारच्या राजांच्या पदरीं पोटासाठीं राहिले. त्यांच्याबरोबर त्यांची हत्यारें आणि हत्यारांचीं नांवेंहि गेलीं.

माझ्या मतें या वादाचा निकाल लावणारा साक्षीदार मात्र निराळाच आहे. तो म्हणजे 'हॉवित्झर' ही तोफ. कारगिलच्या युद्धांत १९९९ सालीं आपल्या सैन्यानें वापरलेल्या बोफोर्स तोफा याच जातीच्या. हा शब्द इंग्रजींत डच भाषेंतून आला, डचांनीं तो जर्मन 'हाउबिट्झे'वरून घेतला, आणि जर्मनांनीं तो घेतला चेक 'हौफ्नित्से' यावरून. 'हौफ' म्हणजे जमाव. जमावावर डागावयाची आंखूड तोफ ती हौफ्नित्से. ही देखील झिझ्काच्या गाड्यांमधलीच. या शब्दाच्या कुळाविषयीं कोणी वाद घालीत नाहीं. मग एका गाडींतला एक शब्द ज्या वाटेनें जर्मनींत गेला, त्याच वाटेनें त्याच गाडींतला दुसरा शब्द गेला असेल, हें मानण्यास काय अडचण आहे? आणि गंमत अशी कीं, इटलींतील प्रमाण कोशहि आज 'पिस्तोला' हा आपला शब्द फ्रेंचांकडून, फ्रेंचांनीं जर्मनांकडून आणि जर्मनांनीं चेकांकडून घेतला असेंच देतात. पिस्तोयाच्या बाजूनें पिस्तोयाचे शेजारीच उभे राहत नाहींत.

एस्तिएन सर्वस्वीं खोटें लिहीत होता, असें मला म्हणावयाचें नाहीं. खंजिराचें नांव पिस्तोयावरून पडलेलें असणें शक्य आहे. फ्रान्समध्यें तें नांव आधींच रुळलेलें असतां जर्मनींतून त्यासारखाच ऐकूं येणारा दुसरा शब्द आला, आणि दोन ओढे एकत्र मिळाले. मग कोणतें पाणी कोठलें हें कांठावर उभ्या राहिलेल्या विद्वानालाहि सांगतां येईना. परंतु श्रेयाचा प्रश्न राहतोच. एका नांवाजलेल्या शहराच्या पदरांत तें टाकणें सोपें होतें. चेक लोकांची भाषा १६२० नंतर दीड-दोनशें वर्षें राजदरबारांतून आणि विद्येच्या व्यवहारांतून मागें रेटली गेली होती. एकोणिसाव्या शतकांत तिचें पुनरुज्जीवन होईपर्यंत तिच्या वतीनें भांडावयास कोण येणार?

पुढची हकीगत थोडक्यांत सांगतों. सोळाव्या शतकाच्या आरंभीं चाकाची कळ निघाली. पोलादाचें लहान चाक कमानीच्या जोरानें फिरून दगडावर घांसलें जाई व ठिणगी पडे. जळती बत्ती हातांत बाळगण्याचें कारण उरलें नाहीं. त्यामुळें भरलेलें हत्यार झग्याखालीं लपवितां येऊं लागलें, आणि राज्यकर्त्यांची झोंप उडाली. १५१७-१८ च्या सुमारास सम्राट् माक्सिमिलियन यानें आपल्या मुलुखांत अशा हत्यारांना बंदी केली. बंदीचा व्हावयाचा तोच उपयोग झाला. जर्मन घोडेस्वार खोगिराला पिस्तुलांची जोडी अडकवून फ्रान्सच्या धर्मयुद्धांत लढूं लागले. १० जुलै १५८४ रोजीं डेल्फ्ट येथें विल्यम ऑफ ऑरेंज याचा खून पिस्तुलानेंच झाला. आणि त्या शतकाच्या अखेरीस शेक्सपियरनें आपल्या एका बडबड्या व भित्र्या शिपायाचें नांवच 'पिस्टल' ठेवलें. आवाज मोठा आणि नेम नाहीं, हें प्रेक्षकांना न सांगतां कळलें असेल.

आपल्याकडे या शस्त्राला आणखी एक शब्द आहे: तमंचा. हा फारसीकडून आला. फारसींत 'तपांचा' किंवा 'तबांचा' या शब्दाचा जुना अर्थ थप्पड असा आहे. बंदुकीची दारू तिकडे पोंचण्याच्या कित्येक शतकें आधींच्या काव्यांत तो त्या अर्थानें येतो. पुढें हातांतल्या हातांत उडणाऱ्या या लहान बंदुकीला तेंच नांव मिळालें. तुर्की भाषेंत आजहि पिस्तुलाला 'तबांजा' म्हणतात. त्याच शब्दाचीं दोन रूपें हिंदुस्थानांत आलीं. एक तमाचा, तो गालावर बसतो, दुसरा तमंचा. बोहेमियांतल्या शेतकऱ्याला जें पिपाणीसारखें दिसलें, तें फारसी बोलणाऱ्याला चपराकीसारखें वाटलें. पहिल्यानें आकार पाहिला, दुसऱ्यानें परिणाम. त्यामानानें 'रिव्हॉल्व्हर' हा शब्द अगदींच कोरडा. सॅम्युएल कोल्ट यानें १८३६ सालीं अमेरिकेंत आपल्या फिरत्या कोठीच्या पिस्तुलाचें पेटंट घेतलें. फिरतें म्हणून रिव्हॉल्व्हर. कारखान्यांत जन्मलेल्या शब्दाला कुळकथा नसते.

जातां जातां या हत्याराच्या एका लहानशा भागाकडे लक्ष वेधतों. चाप ओढला असतां जो तुकडा पुढें येऊन ठोका देतो, त्याला इंग्रज व जर्मन लोक कोंबडा म्हणतात. फ्रेंच आणि इटालियन त्यालाच कुत्रा म्हणतात. पोर्तुगीजहि त्याला कुत्राच म्हणतात, आणि चापाला मांजराचें पिल्लूं. पिस्तूल गोव्याच्या वाटेनें आलें, काडतूस आलें. हीं कुत्रींमांजरें मात्र मांडवी ओलांडून आलीं नाहींत. मराठी माणसानें तेथें आपला घोडाच बांधला.